हिरव्या पुस्तकाची सोय

मी, कुस्वारिनी, पैगंबरवासी मार्तोदिहार्जो गुरुजींची धाकटी मुलगी, वय एकाहत्तर, व्यवसाय बायकांच्या केबाया, म्हणजे लांब बाह्यांची पोलकी, शिवणे (हात थरथरू लागल्यापासून बंद), राहणार इमोगिरी, राजांच्या दफनटेकडीच्या पायथ्याची गल्ली, माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते या कागदावर स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला बुद्धी पुरते असे मी विचारून घेतले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि लाडीगोडीही लावलेली नाही. येत्या गुरुवारी योग्या शहरातल्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. "काळजीचं कारण नाही," असे डॉक्टर म्हणतात. मीही गिऱ्हाइकांना त्याच सुरात "कापड आटणार नाही" असे सांगत असे.

याआधी लिहिलेले दोन मसुदे मी चुलीत घातले. हा तिसरा. हाच खरा धरावा.

कलम पहिले. मला आईच्या शेजारी पुरावे. कर्णा लावू नये. शेजारी पाक जुमाकिर यांना भाषण करू देऊ नये. ते मुद्द्यावर येईपर्यंत माणसे उन्हात करपतात.

कलम दुसरे. घर. मला मूल नाही, नवरा होता तो सोडून गेला, म्हणून आमच्या धर्माच्या कायद्याप्रमाणे घर माझे थोरले बंधू मास (म्हणजे दादा) हार्दोयो यांच्याकडे जाते. मी ते देत नाही, ते जाते. हा फरक त्यांनी ध्यानात ठेवावा. वारस नसलेल्यांना एक तृतीयांशापर्यंत देण्याची मला मुभा आहे आणि पुढे लिहिलेले सर्व त्यात बसते, असे इमामांनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा ते मागच्या दाराने निघून गेले.

कलम तिसरे. पायाने चालवायचे शिलाई यंत्र आणि मोठी कात्री समोरच्या वागिराला. कात्रीने कागद कापू नये, धार जाते. कपाटात निळ्या लेसची एक केबाया आहे, ती माजी सरपंचांच्या पत्नीची. बाह्या आखूड झाल्या म्हणून त्यांनी ती नेली नाही आणि बाजारात माझी नालस्ती केली. ती त्यांच्या घरी पोचती करावी आणि सांगावे की बाह्या आखूड नव्हत्या, हात लांब होते.

कलम चौथे. माझ्या वडिलांचे हिरवे पुस्तक योग्याच्या ग्रंथालयाला द्यावे.

हे वाक्य लिहून मी उठले. परसात गेले, चाफ्याला पाणी घातले. सकाळी एकदा घातले होते, तेही आठवले. परत येऊन बसले. नुसते "द्यावे" म्हणून भागणार नाही. पुस्तक काय आहे ते लिहायला हवे, नाहीतर देण्याला अर्थ नाही.

वडिलांच्या पणजोबांनी बोरूने जावानीज लिपीत उतरून काढलेले हे काव्य आहे. एक माणूस हरवलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरतो, एवढीच कथा. पहिले पान नाही, म्हणून कवीचे नाव कोणाला ठाऊक नाही. पुठ्ठ्यावरचे कातडे हिरवे, म्हणून हिरवे पुस्तक. शाई इतकी जहाल की जिथे अक्षर दाटून आले तिथे तिने कागद खाल्ला आहे. पान उजेडात धरले की चाळणीसारखे दिसते. वडील शाळेत शिक्षक होते. आमच्या जुन्या पंचांगाप्रमाणे दर पस्तीस दिवसांनी फिरून येणाऱ्या त्यांच्या जन्मवाराला ओसरीवर चटई टाकून ते पुस्तक उघडीत आणि चालीवर गात. गल्लीतली माणसे ऐकायला येत. मी आणि मास हार्दोयो दोन्ही बाजूंना बसून पाने उलटायचो. त्याची डावी बाजू, माझी उजवी.

वडील गेले त्या साली थोरल्या काकांनी, म्हणजे पाकदे सास्त्रोंनी, वाटणी केली. पाकदे न्यायी माणूस. ताटे मोजून अर्धी, खुर्च्या अर्ध्या, कोंबड्यासुद्धा अर्ध्या. मास हार्दोयोचे बिऱ्हाड समुद्रकाठच्या समारांगला होते. तो म्हणाला, "पुस्तक मी तिकडे नेतो." मी म्हणाले, "माझ्या प्रेतावरून ने." पाकदेंनी फणस चिरायची सुरी पुसली, पुस्तक उताणे ठेवले आणि शिवणीतून मधोमध चिरले. "घ्या. भांडू नका."

त्यांच्यावर मी रागावले आहे. ते जाऊन तीस वर्षे झाली, तरी आहे. याची नोंद असावी.

पहिला अर्धा भाग भावाकडे गेला, दुसरा माझ्याकडे राहिला. सुरी एका कडव्याच्या मधून गेली होती. माझ्या पहिल्या पानाची सुरुवात अशी:

उंबऱ्यावर उभा राहू नकोस,
रात्र फार झाली.

आधीच्या ओळी मला आठवत नव्हत्या. चाल आठवत होती, शब्द नाहीत. शिवताना मी याच दोन ओळी गुणगुणायची. मला वाटायचे, कोणी कोणाला निरोप देत आहे. माझा नवरा सुदार्मिन बोर्निओच्या जंगलात लाकूड तोडायला गेला होता. चार वर्षे त्याची चिठ्ठी नाही की चपाटी नाही. मग एका संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मी त्याला दुसरे काही म्हटले नाही, याच दोन ओळी म्हणून दाखवल्या. त्याने ऐकल्या, पिशवी उचलली आणि गेला. मला तेव्हा वाटले, कवी माझ्या बाजूने आहे.

मग भूकंप झाला. सकाळी सहाच्या सुमारास मी अंगण झाडत होते, म्हणून वाचले. घर माझ्या पाठीमागे बसले. दोन दिवसांनी पाऊस आला आणि त्यानंतर पुस्तक सापडले, कौलांच्या चुऱ्याखाली, भिजलेल्या पावासारखे फुगलेले. गल्लीत माणसे तंबूत राहत होती, मीही. लोक भांडी वाळवत होते आणि मी पाने. केळीच्या पानांवर एकेक पान पसरून वर मच्छरदाणी घातली होती. पाक जुमाकिर म्हणाले, "बु रिनी, लोकांना डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही कवितेला मच्छरदाणी घालता?" पण वारा सुटला की ओणवे होऊन पाने धरायला तेच पहिले धावायचे.

मास हार्दोयो समारांगहून ट्रक घेऊन आला. तांदूळ, पाण्याच्या बाटल्या, छपराचे पत्रे. ट्रकमधून उतरतो न उतरतो तोच मी विचारले, "तुझा भाग कुठाय?"

"मी जिवंत आहे का ते विचार आधी."

"दिसतोयस की. भाग कुठाय?"

तो पाण्याच्या बाटल्या उतरवू लागला. मग पाठ वळवूनच म्हणाला, "भरतीचं पाणी घरात शिरतं दर वर्षी. गेला त्यात. संपला."

मी त्याच्याशी पुढची सहा वर्षे बोलले नाही. पत्रे मात्र त्याने स्वतः चढून ठोकले, तेही लिहायला हवे.

भूकंपानंतर योग्यात भिजल्या पोथ्यांच्या डागडुजीचे शिबिर भरले होते, तिथे मी जाऊन बसले. काही तिथे शिकले, बाकीचे घरी पाने बिघडवून शिकले. कांजीची खळ मंद आचेवर किती वेळ ढवळायची. ती गाळून, थंड करून साबुदाण्याच्या लगद्यासारखी झाली की मगच लावायची. तुतीच्या सालीचा पातळ कागद हाताने फाडायचा, कापायचा नाही, म्हणजे त्याचे तंतू कडेला सुटे राहतात आणि पानाला धरतात. वर पाटा ठेवायचा. पान सुकेपर्यंत दुसरे काही करायचे नाही. हे शेवटचे मला कधी जमले नाही. मी दर थोड्या वेळाने पाटा उचलून बघायची, म्हणून माझी बरीच पाने भाजलेल्या पापडासारखी वाकडी आहेत. ज्याच्याकडे पुस्तक जाईल त्याने माझ्या नावाने बोटे मोडावीत, हरकत नाही.

मास हार्दोयोची मुलगी पालुपि योग्याला शिकायला आली आणि माझ्याकडे राहिली. आत्याला ती बुलिक म्हणते. एके दिवशी माझ्या शेजारी बसून खळ ढवळता ढवळता म्हणाली, "बुलिक, बाबांकडे असंच एक आहे. तांदळाच्या डब्यात ठेवतात. कोणी आलं की झाकण लावतात."

मी पातेले तसेच ठेवून समारांगची बस धरली. पायांत घरातल्या चपला होत्या. मास हार्दोयोने दार उघडले, माझे तोंड पाहिले आणि न विचारता डबा आणून समोर ठेवला. आतले पुस्तक मी उघडले. पानोपान चकचकीत चिकटपट्टी. उभी, आडवी, एकावर एक. पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, कडांना काळा चिकटा सुटला होता, त्यात मुंग्या अडकून मेल्या होत्या.

"फाटत होतं," तो म्हणाला. "मी काय करणार? मला एवढंच येतं. तू बघितलं असतंस तर मला जिवंत सोडलं नसतंस."

"म्हणून बुडालं म्हणालास?"

"बुडालं म्हटलं की तू एकदा रडशील आणि सोडून देशील, असं वाटलं. हे बघितलं असतंस तर जन्मभर बोलत राहिली असतीस."

मी बोलायला तोंड उघडले. मग बघितले, प्रत्येक पट्टी अक्षर सोडून लावली होती. सत्तर ठिकाणी फाटलेल्या पानावर एकाही अक्षरावर पट्टी नव्हती. चष्मा लावून, श्वास धरून बसल्याशिवाय हे होत नाही. मी म्हणाले, "भूक लागलीय. घरात काही आहे का?"

त्यानंतर तो दर महिन्याला बसने इमोगिरीला येऊ लागला. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा तो धरायचा आणि मी शिंगाच्या पातीने पट्टी सोडवायची. हवा जास्त दिली म्हणून मी त्याच्यावर खेकसायची, पाती जोरात लावली म्हणून तो माझ्यावर. डाग गेले नाहीत, पण पाने सुटली. दोन्ही भाग मी दुहेरी दोऱ्याने शिवून एक केले त्या दुपारी आम्ही चिरलेल्या जागेवर पुस्तक उघडले. डावे पान त्याचे, उजवे माझे. त्याने चाल धरली:

वाट भिजली, वारा सुटला,
पायांना चिखल असेल, असू दे...

आणि मी, तोंडात बसलेलेच:

उंबऱ्यावर उभा राहू नकोस,
रात्र फार झाली.

दोघेही थांबलो. मास हार्दोयो म्हणाला, "अगं, हे तर आत ये म्हणतंय."

मी पान बघत राहिले.

"सुदार्मिनला तू हेच म्हणून दाखवलं होतंस ना?"

"हो."

"मग?"

"मग काय? तो तसाही जाणारच होता. आत आला असता, जेवून गेला असता. एवढाच फरक."

मला त्या दिवशी बसवेना. तीनदा खळ शिजवायला घेतली आणि तिन्हीदा करपवली. सुदार्मिनबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण कवी माझ्या बाजूने नव्हता. वीस वर्षे ज्याला साक्षीला धरले तो दुसऱ्याच बाजूचे बोलत होता, हे कळले की माणसाला घरात एका जागी बसवत नाही.

त्या वर्षापासून ओसरीवर पुन्हा चटई पडू लागली. वडिलांच्याच वाराला, दुपार कलल्यावर. पाक जुमाकिर न चुकता येतात, बेसूर गातात आणि शेंगदाणे घालून तळलेले कुरकुरीत पेयेक खाल्लेली तेलकट बोटे पानाकडे नेतात. मी दरवेळी ओरडते, "हात!" ते दरवेळी हात लुंगीला पुसतात आणि म्हणतात, "बु रिनी, पुस्तकाला थोडं तेल लागलं तर अंगी लागतं."

आता ग्रंथालयाचे. तिथून बु प्रास्तिवी नावाच्या बाई गेल्या महिन्यात येऊन गेल्या. मी मुद्दाम त्यांना गायला सांगितले. मला वाटले होते, येत नसेल. त्यांनी असे गायले की पाक जुमाकिर पेयेक तोंडाशी नेता नेता थांबले. मग त्यांनी पुस्तक मिटले आणि सरळ सांगितले, "आमच्याकडे थंड खोलीत, पेटीत राहील. अजून दोनशे वर्षं टिकेल. पण तिथे गाता येणार नाही. मलाही नाही. तुमच्याकडे असंच हाताळलं तर तीस-चाळीस वर्षं. मी तुम्हाला फसवणार नाही बु, दोन्हीतलं एकच मिळेल."

अशा प्रामाणिक माणसांचा मला राग येतो, त्यांच्याशी भांडता येत नाही. मी दोनशे वर्षे निवडली. म्हणून कलम चौथे.

येथवर सोमवारी लिहिले.

मंगळवारी पालुपि बातामहून विमानाने आली. तिथे ती जहाजांच्या कारखान्यात हिशेब बघते. दर दोन वर्षांनी नोकरी बदलते आणि दर दोन वर्षांनी नवऱ्यामुलाचे नाव. मास हार्दोयोही आला. मोतीबिंदू उतरून बसला आहे, डाव्या डोळ्याला तर निव्वळ धुके दिसते. दोघांनी मिळून मला खाटेवर निजवले आणि दार लोटून घेतले. "पडून राहा, दिक," धाकटीला हाक मारावी तसे मास हार्दोयो म्हणाला. "उठायचं नाही."

पडून राहणे मला येत नाही. कान दाराला होते. ओसरीवर मास हार्दोयो म्हणत होता, "पालुपि, वाच गं थोडं. मला अक्षरं मुंग्यांसारखी दिसतायत."

"मला गाता येत नाही, बाबा."

"मग बोल नुसतं."

"बोलून ते बरं वाटत नाही." आणि तिने गायला घेतले. इतके वाईट की मी उशी कानावर दाबली. मास हार्दोयो मध्येच तोडत होता: "वर नाही, खाली! खाली ये!" ती म्हणत होती, "आलेच आहे खाली, तुम्हीच वर आहात!" दोघे हसत होते. मग तिने घाईत पान उलटले.

तो आवाज मी कोठेही ओळखेन. कापड फाटते तेव्हा ते लांब बोलते. जुना कागद एकदाच बोलतो.

मग पालुपि हळू म्हणाली, "बुलिकला सांगू नका."

"तिला कळलंय," मास हार्दोयो म्हणाला. "आता ती उठेल. तू पळ."

मी उठले नाही. खाट धरून पडून राहिले. छाती वाजत होती, ती झडपेमुळे की रागामुळे ते मला सांगता आले नाही. मनात म्हणाले, बरे झाले चौथे कलम लिहिले. बु प्रास्तिवींना उद्याच बोलवावे. दोनशे वर्षे. मग स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज आला. कोणी पाणी ओतले. कालथा कडेला घासत राहिला, न थांबता, एका दिशेने, मी शिकवले होते तसा. खळ शिजल्याचा वास आला. करपल्याचा नाही.

तेव्हा मी उठून दारात गेले. पालुपि जमिनीवर पालथी पडून तुतीचा कागद हाताने फाडत होती. मास हार्दोयो तिच्या डोक्यावर दिवा धरून उभा होता. त्याला काही दिसत नव्हते, तरी विचारत होता, "तंतू सुटलेत का? नीट बघ, सुटलेत का?" मी म्हणाले, "खळ जास्त घेतलीस. बोटाने निपट."

तिने निपटली. जोड लावला, वर पाटा ठेवला. मी खुर्चीत बसले. तिने पाट्याला हात लावला नाही, ओसरीत जाऊन बापाला भात वाढला, भांडी घासली, मग येऊन पाटा उचलला. पान सपाट होते. माझ्या एकाही पानाइतके वाकडे नव्हते.

म्हणून बुधवारी, सकाळी, पुढील कलमे लिहिते.

कलम चौथे रद्द. ते खोडलेले नाही, कारण का बदलले ते पुढच्यांना कळावे.

कलम पाचवे. हिरवे पुस्तक संपूर्ण, दोन्ही भाग एकत्र, माझी पुतणी पालुपि हिला. सोबत शिंगाची पाती, ब्रश, कागदाची गुंडाळी, पाटा आणि खळीचे पातेले. तिने पुस्तक पेटीत कुलूप लावून ठेवू नये. महिन्यातून एकदा तरी कोणी गावे. बेसूर चालेल, घाईत पान उलटलेले चालणार नाही. फाटले तर जोडावे. चिकटपट्टी लावू नये, माणूस कितीही घाबरलेला असो. तिने नोकरी, गाव आणि नवरामुलगा हवे तितके बदलावेत, पुस्तक बरोबर न्यावे. ते फिरणाऱ्या माणसाचेच काव्य आहे.

कलम सहावे. बु प्रास्तिवी यांना सर्व पानांचे फोटो काढू द्यावेत आणि त्या आल्या की आधी गायला लावावे. त्यांची मी माफी मागते. दोनशे वर्षे मोठी गोष्ट आहे, हे मला कळते. मला त्याची टोचणी राहील आणि ती राहावी.

कलम सातवे. हे पुस्तक कोणत्याही कारणाने, कोणत्याही न्यायी माणसाने, पुन्हा वाटू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले. दोन शब्द बदलावेसे वाटतात, पण पालुपि कागद ओढून घेत आहे आणि गाडी दारात उभी आहे.

सही: कुस्वारिनी

साक्षीदार: १) जुमाकिर, शेजारी. (कलम पहिले मला मान्य नाही, तरी सही करतो.)
२) वागिरा, शेजारीण.

वारसाची संमती, ते सांगतात तशी पालुपिच्या हातून: मी, हार्दोयो, मार्तोदिहार्जो गुरुजींचा थोरला मुलगा, या मृत्युपत्राला पूर्ण संमती देतो. एकच हरकत आहे. मोठा मी आहे. आमच्या घरात आधी जायचा मान थोरल्याचा असतो आणि तो मी कोणाला वाटून देणार नाही. तेव्हा दिक, हा कागद इथेच चटईखाली ठेवतो. गुरुवारी झडप बदलून घे आणि घरी ये. वडिलांच्या येत्या वाराला चटई टाकलेली असेल, उजवी बाजू रिकामी ठेवली आहे.

अंगठा आणि सही: हार्दोयो

स्थळ: इमोगिरी, बांतुल. बुधवार, ६ सप्टेंबर २०२३.